तळटीप : यहोवाचे साक्षीदार आणि स्वर्ग

येथे उल्लेखिलेले दारोदार फिरणारे प्रचारक ‘यहोवाचे साक्षीदार’ या पंथाचे आहेत. चार्ल्स टेझ रसेल यांनी १८७०च्या दशकात अमेरिकेत पिट्सबर्ग परिसरात चालवलेल्या बायबल-अभ्यास मंडळातून हा पंथ वाढला. आजचे नाव १९३१ सालचे. प्रचारक सहसा जोडीने येतात, बायबलमधले एखादे वचन वाचून दाखवतात आणि मासिक हाती ठेवतात. ‘टेहळणी बुरूज’ या नावाने ते मराठीतही निघते.

पाहुणे आपल्याला स्वर्गाचे आमंत्रण द्यायला आले आहेत, असा दार उघडणाऱ्याचा समज होतो. तो चुकीचा आहे. ‘प्रकटीकरण’ या पुस्तकाच्या सातव्या आणि चौदाव्या अध्यायांतला १,४४,००० हा आकडा हे लोक अक्षरशः घेतात : ख्रिस्ताबरोबर स्वर्गातून राज्य करणारे तेवढेच. उरलेला ‘मोठा लोकसमुदाय’ नंदनवन झालेल्या याच पृथ्वीवर कायमचा जगेल, ही शिकवण १९३५ पासूनची. म्हणजे बेल वाजवणारा बहुधा स्वतःही स्वर्गात जाण्याची आशा धरून नसतो! वर्षातून एकदा होणाऱ्या ख्रिस्ताच्या स्मारकविधीत हे डोळ्यांना दिसते. भाकर आणि द्राक्षारस हातोहात फिरतात. जवळजवळ सगळे जण न चाखताच ते शेजाऱ्याकडे देतात.

नरकयातना त्यांना मान्य नाहीत. मृताला पुनरुत्थानापर्यंत कसलीच जाणीव नसते, असे ते मानतात. इतर चर्चेसशी त्यांचा मोठा वाद मात्र त्रैक्यावरून आहे : येशू त्यांच्या लेखी देवाचा पुत्र आहे, सर्वसमर्थ देव नाही.