तेजोमेघाचा फोटो कसा काढतात? टेलिस्कोप, माउंट आणि पहिल्या रात्रीची पूर्ण माहिती

इन्स्टाग्रामवर लाल-निळ्या ढगांसारखे दिसणारे अवकाशाचे फोटो तुम्ही पाहिलेच असतील. त्यातले बरेच हबल किंवा जेम्स वेबचे असतात, पण सगळे नाही. काही फोटो गच्चीवरून किंवा एखाद्या पठारावरून हौशी लोकांनी काढलेले असतात. असाच फोटो आपणही काढायचा म्हणून मी बोनस आणि दोन वर्षांची बचत घालून एक चांगला टेलिस्कोप आणि नवा माउंट घेतला. पहिल्या रात्री एकही फोटो धड आला नाही! सामान उत्तम होतं, माझी समज कच्ची होती. तुमचे पैसे आणि रात्री वाया जाऊ नयेत म्हणून हे सगळं काम कसं चालतं ते नीट समजून घेऊया.

तेजोमेघ म्हणजे काय?

तेजोमेघ, म्हणजेच नेब्युला, हा अवकाशातला वायू आणि धुळीचा प्रचंड ढग असतो. काही ढगांमध्ये नवे तारे जन्माला येतात, तर काही ढग मरणाऱ्या ताऱ्यांनी बाहेर फेकलेले असतात. सगळ्यात ओळखीचा तेजोमेघ म्हणजे मृग नक्षत्रातला एम ४२. मृगातल्या बाणाच्या तीन ताऱ्यांच्या थोडं दक्षिणेला तो आहे. अंधाऱ्या जागेवरून नुसत्या डोळ्यांनीही तो पुसट ठिपक्यासारखा दिसतो. तो आपल्यापासून साधारण १,३५० प्रकाशवर्षं दूर आहे.

इथे एक मोठा गैरसमज दूर करूया. तेजोमेघ लहान असतो म्हणून दिसत नाही, असं आपल्याला वाटतं. प्रत्यक्षात एम ४२ चा आकाशातला पसारा पौर्णिमेच्या चंद्राच्या जवळपास दुप्पट रुंद आहे. हंस तारकासमूहातला नॉर्थ अमेरिका तेजोमेघ तर चार चंद्र शेजारी शेजारी ठेवावेत एवढा रुंद आहे! अडचण आकाराची नाही, अंधुकपणाची आहे. त्यामुळे इथे झूम फारसा कामाचा नाही. प्रकाश गोळा करावा लागतो आणि त्याला वेळ लागतो.

फोनचा नाइट मोड हेच करतो

तुमच्या फोनचा नाइट मोड एकामागून एक बरेच फोटो काढतो आणि ते जुळवून एक फोटो बनवतो. २०१९ च्या गूगल पिक्सेल ४ मध्ये आलेला अॅस्ट्रोफोटोग्राफी मोड प्रत्येकी १६ सेकंदांपर्यंतचे १५ फोटो घेऊन एकत्र करत होता, म्हणजे एकूण चार मिनिटं. तेजोमेघाच्या फोटोतही हेच तंत्र आहे. फक्त इथे एकेक फोटो दोन-तीन मिनिटांचा असतो आणि एकूण वेळ काही तासांचा.

याला स्टॅकिंग म्हणतात. फोटोंची संख्या वाढवली की खरा सिग्नल त्याच प्रमाणात वाढतो, पण नॉइज संख्येच्या वर्गमुळाएवढाच वाढतो. म्हणजे १०० फोटो जुळवले तर फोटो एका फ्रेमपेक्षा साधारण १० पट स्वच्छ होतो. १० वरून १०० पट व्हायचं असेल तर १०,००० फोटो लागतील. म्हणून सुरुवातीचे दोन-तीन तास सगळ्यात मोलाचे.

माउंट: खरा हिरो

पृथ्वी फिरते म्हणून तारे आकाशात दर सेकंदाला साधारण १५ आर्कसेकंद सरकतात. (एका अंशात ३,६०० आर्कसेकंद असतात.) ऐकायला हे फार किरकोळ वाटतं, पण हिशोब करून बघा. समजा टेलिस्कोपची फोकल लेंग्थ ५३० मिलिमीटर आहे आणि कॅमेऱ्याचा पिक्सेल ३.७६ मायक्रॉनचा आहे. सूत्र सोपं आहे: पिक्सेलच्या आकाराला २०६ ने गुणा आणि फोकल लेंग्थने भागा. उत्तर येतं साधारण दीड आर्कसेकंद प्रति पिक्सेल. म्हणजे टेलिस्कोप स्थिर ठेवला तर तारा एका सेकंदात १० पिक्सेल पळतो. तीन मिनिटांत तो दीड चंद्राएवढं अंतर कापतो.

हा फिरता तारा एका पिक्सेलवर धरून ठेवायचं काम माउंटचं. ही गरज नवीन नाही. ३० सप्टेंबर १८८० रोजी अमेरिकेत हेन्री ड्रेपर यांनी एम ४२ चा, म्हणजे कुठल्याही तेजोमेघाचा पहिला फोटो काढला. त्यासाठी ५१ मिनिटं प्रकाश गोळा केला होता आणि तेवढा वेळ त्यांची ११ इंची दुर्बीण घड्याळासारख्या यंत्रणेने ताऱ्यांमागे फिरत होती.

आज दोन प्रकारचे माउंट जास्त चालतात:

• जर्मन इक्वेटोरियल: गिअरवर चालणारा जुना, भरवशाचा प्रकार. एका बाजूला टेलिस्कोप, दुसऱ्या बाजूला काउंटरवेट. जड असतो, पण चांगल्या मॉडेलचं ट्रॅकिंग अगदी गुळगुळीत असतं.

• हार्मोनिक: रोबोटच्या सांध्यात वापरतात तसा गिअर. अतिशय हलका. उदाहरणार्थ, झेडडब्ल्यूओ एएम५ हा स्वतः ५ किलोचा आहे आणि काउंटरवेटशिवाय १३ किलो पेलतो. बाइकवर किंवा बसने न्यायचा असेल तर हाच बरा. पण यात एक गोम आहे, ती पुढे सांगतो.

टेलिस्कोप आणि कॅमेरा

तेजोमेघांसाठी लांबलचक टेलिस्कोप लागत नाही. ७० ते १०६ मिलिमीटर व्यासाचा, ३५० ते ५५० मिलिमीटर फोकल लेंग्थचा अपोक्रोमॅटिक रिफ्रॅक्टर उत्तम. यात खास काचा वापरतात, त्यामुळे ताऱ्यांभोवती निळी-जांभळी कड येत नाही. या वर्गातलं मोठं नाव म्हणजे जपानच्या ताकाहाशी कंपनीचा एफएसक्यू-१०६: व्यास १०६ मिलिमीटर, फोकल लेंग्थ ५३० मिलिमीटर, एफ/५. यात फुल फ्रेम कॅमेऱ्यावर आकाशाचा सुमारे ३.९ बाय २.६ अंशांचा तुकडा मावतो.

कॅमेरा शक्यतो थंड करता येणारा घ्या, कारण सेन्सर तापला की नॉइज वाढतो. साधा डीएसएलआर चालतो, पण त्याच्या सेन्सरसमोरची काच तेजोमेघांचा मुख्य लाल प्रकाश बराचसा अडवते. हा प्रकाश हायड्रोजनचा, ६५६.३ नॅनोमीटरचा. ऑक्सिजनचा हिरवट-निळा प्रकाश ५००.७ नॅनोमीटरला येतो. ड्युअल बँड फिल्टर फक्त हे दोन पट्टे आत सोडतो आणि शहराचा बाकीचा उजेड अडवतो. पुण्या-मुंबईच्या गच्चीवरून तेजोमेघ टिपता येतात ते याच फिल्टरमुळे.

पहिल्या रात्री काय करायचं?

१. दिवसाउजेडी घरात सगळं एकदा जोडून बघा. अंधारात केबल शोधणं म्हणजे डोक्याला ताप.

२. ट्रायपॉड घट्ट जमिनीवर ठेवा. गच्चीवर कुणी चाललं तरी फोटो हलतो.

३. पोलर अलाइनमेंट करा, म्हणजे माउंटचा अक्ष आकाशाच्या उत्तर ध्रुवाकडे वळवा. ध्रुवतारा आपल्या अक्षांशाएवढ्याच उंचीवर दिसतो. पुण्यात तो क्षितिजापासून फक्त साडेअठरा अंशांवर, म्हणजे हात लांब करून धरलेल्या दोन मुठींपेक्षाही खाली! समोर बिल्डिंग असेल तर दिसणारच नाही. अशा वेळी निना या मोफत सॉफ्टवेअरमधलं थ्री पॉइंट पोलर अलाइनमेंट वापरा. त्याला ध्रुवतारा दिसावा लागत नाही.

४. फोकस बाहतिनोव्ह मास्क लावून करा. रात्रीत तापमान उतरलं की फोकस पुन्हा तपासा.

५. प्लेट सॉल्व्हिंग वापरा. सॉफ्टवेअर फोटोतल्या ताऱ्यांवरून टेलिस्कोप कुठे रोखलाय ते ओळखतं आणि माउंटला तेजोमेघावर नेतं.

६. गाइडिंग सुरू करा, मगच लांब एक्सपोजर लावा.

७. शेवटी डार्क आणि फ्लॅट फ्रेम घ्या. डार्क म्हणजे झाकण लावून तेवढ्याच वेळेचे फोटो, फ्लॅट म्हणजे एकसारख्या उजेडाचे फोटो. सेन्सरचे दोष आणि धुळीचे डाग यांनी निघतात.

माझी चूक

यातली सहावी पायरी मी गाळली होती. माउंट एवढा महाग आहे, तर गाइडिंग कशाला, असं वाटलं. तीन-तीन मिनिटांचे फोटो लावले आणि सगळे तारे शेवयांसारखे लांब! माउंट खराब निघाला म्हणून मी दुकानदाराला तक्रारीचा मेलसुद्धा लिहायला घेतला. पाठवायच्या आधी एका अनुभवी मित्राला फोटो दाखवला. त्याने एकच प्रश्न विचारला, "गाइड कॅमेरा कुठाय?"

हार्मोनिक माउंटची गोम हीच. गिअरच्या रचनेमुळे तो काही मिनिटांच्या चक्रात मागे-पुढे होतो. ही चूक ±२० आर्कसेकंदांपर्यंत असू शकते, म्हणजे वरच्या हिशोबात १३ पिक्सेल. हा बिघाड नाही, त्या प्रकाराचा स्वभाव आहे. उपाय म्हणजे छोटा गाइड स्कोप आणि दुसरा कॅमेरा. पीएचडी२ हे मोफत सॉफ्टवेअर दर एक-दोन सेकंदांनी ताऱ्याची जागा बघतं आणि माउंटला दुरुस्ती सांगतं. कोडिंग करणाऱ्यांना सांगायचं तर, हा सरळ फीडबॅक लूप आहे. मेल डिलीट केला, गाइड कॅमेरा घेतला आणि तारे गोल झाले.

महाराष्ट्रातून कधी आणि काय टिपायचं?

• ऑक्टोबर-नोव्हेंबर: संध्याकाळी नॉर्थ अमेरिका तेजोमेघ.

• नोव्हेंबर ते फेब्रुवारी: एम ४२. पुण्याहून तो ६६ अंश उंच चढतो. त्याचा गाभा फार तेजस्वी आहे, म्हणून ५-१० सेकंदांचे काही फोटो वेगळे घ्या.

• डिसेंबर ते मार्च: रोझेट तेजोमेघ. ड्युअल बँड फिल्टरवर झकास येतो.

• एप्रिल-मे: मध्यरात्रीनंतर लगून तेजोमेघ, एम ८.

थंडीत लेन्सवर दव पडतं, त्यामुळे ड्यू हीटर हवाच. पावसाळ्यात टेलिस्कोप सिलिका जेल घातलेल्या हवाबंद डब्यात ठेवा, नाहीतर काचेवर बुरशी धरते. शक्य असेल तेव्हा शहराबाहेर पडा. पेंच व्याघ्र प्रकल्पाला जानेवारी २०२४ मध्ये भारतातलं पहिलं डार्क स्काय पार्क म्हणून मान्यता मिळाली, तेही आपल्याच राज्यात आहे.

प्रोसेसिंग

स्टॅकिंगसाठी सिरिल किंवा डीप स्काय स्टॅकर, दोन्ही मोफत आहेत. जुळवलेली फाइल उघडली की ती जवळजवळ काळीच दिसते. घाबरू नका, माहिती आत दडलेली असते. ती स्ट्रेचिंग करून वर आणायची. इथे हात सैल सोडला तर फोटो भडक होतो.

एवढा खर्च करायचा का?

लगेच नको. पुण्यात ज्योतिर्विद्या परिसंस्था आणि मुंबईत खगोल मंडळ आकाशदर्शनाचे कार्यक्रम करतात, आधी तिथे जा. स्वतःचं काही घ्यायचंच असेल तर सीस्टार एस५० सारखा स्मार्ट टेलिस्कोप बघा. व्यास ५० मिलिमीटर, पण ट्रॅकिंग, फोकस आणि स्टॅकिंग सगळं आपोआप होतं आणि चालवायचा फोनवरून. तो वापरून तीन-चार महिने रात्री जागल्यावरही हौस टिकली तरच मोठ्या सेटअपकडे वळा. तेव्हा बजेटचा पहिला वाटा माउंट आणि गाइडिंगला द्या, उरलेल्यात टेलिस्कोप.

माझा पहिला नीट फोटो दोन तास चाळीस मिनिटांच्या प्रकाशाचा आहे. आईला दाखवला तर म्हणाली, "नेटवरून घेतलास ना?" मग मी तिला त्यातली एक कच्ची फ्रेम उघडून दाखवली, जवळजवळ काळी, मधे एक पुसट डाग. अशा ५३ फ्रेम जोडल्या की हा ढग दिसतो, एवढं सांगितल्यावर तिला पटलं.