रत्नागिरी परिसरातील सायकलमार्ग

रत्नागिरी परिसरातील सायकलमार्ग म्हणजे महाराष्ट्राच्या रत्नागिरी शहरालगतच्या भाट्ये गावापासून किनाऱ्याने दक्षिणोत्तर जाणारे आणि सह्याद्री चढून देशावर पोहोचणारे रस्ते. हे मार्ग सायकलींसाठी वेगळे बांधलेले वा क्रमांकित केलेले नाहीत. राज्य महामार्ग, राष्ट्रीय महामार्ग आणि जिल्हा मार्ग यांचेच तुकडे जोडून सायकलस्वार ते वापरतात. किनाऱ्यावरील मार्ग खाड्या आणि जांभ्याच्या सड्यांवरून जातात, तर घाटमार्ग सह्याद्री व्याघ्र प्रकल्प आणि राधानगरी अभयारण्य यांच्या कडेने व त्यांच्यामधल्या जंगलपट्ट्यातून जातात.

भूरचना

भाट्ये हे गाव काजळी नदीच्या मुखाशी, रत्नागिरी शहराच्या दक्षिणेस आहे. नदीच्या मुखाला भाट्याची खाडी म्हणतात. तिच्यावरील पुलाने गाव शहराशी जोडलेले आहे. थिबा पॉइंटवरून हा पूल, खाडी आणि पलीकडचा किनारा एका नजरेत दिसतो. किनाऱ्यालगत सुरूचे बन आणि नारळ संशोधन केंद्र आहे. पुळणीच्या दक्षिण टोकाला झरी विनायकाचे मंदिर आहे. पुलापासून मंदिरापर्यंतचा रस्ता जवळपास सपाट असून परिसरातील सर्वांत सोपा सायकलमार्ग तोच आहे.

येथून पूर्वेस सह्याद्रीची मुख्य रांग सरळ रेषेत साधारण पन्नास किलोमीटरांवर आहे. काजळी नदी याच रांगेत विशाळगड–आंबा परिसरात उगम पावते आणि साखरप्यावरून वाहत भाट्याला समुद्रास मिळते. त्यामुळे भाट्याहून आंबा घाटाकडे निघालेला सायकलस्वार बहुतांश वेळ एकाच नदीच्या खोऱ्यातून मुखाकडून उगमाकडे जात असतो. रस्ता मात्र नदीच्या काठाने जात नाही. नदीला मिळणाऱ्या ओढ्यांच्या दऱ्या आणि त्यांमधले सडे आडवे कापत तो जातो. घाट सुरू होण्याआधीच चढउतारांची मोठी बेरीज होते ती यामुळे.

किनारी मार्ग

भाट्याहून दक्षिणेकडे जाणारा रस्ता सागरी महामार्गाचा भाग आहे. रायगड जिल्ह्यातील रेवसपासून सिंधुदुर्गातील रेडीपर्यंत जाणारा हा मार्ग मुंबई–गोवा सायकल प्रवासासाठी राष्ट्रीय महामार्ग ६६ पेक्षा अधिक पसंत केला जातो. अवजड वाहतूक कमी असणे हे त्याचे मुख्य कारण. मार्ग सोपा आहे, हे कारण नव्हे.

झरी विनायक मागे पडताच चढ लागतो. फणसोप आणि गोळप येथील सडा ओलांडून रस्ता पावसला उतरतो. तेथे स्वामी स्वरूपानंद (१९०३–१९७४) यांचे समाधिमंदिर आहे. रत्नागिरी ते पावस हे अंतर वीस किलोमीटरांच्या आत असल्याने शहरातील सायकलस्वारांची सकाळची फेरी पुष्कळदा येथपर्यंतच असते. पुढे पूर्णगडाखाली मुचकुंदी नदीची खाडी पुलावरून ओलांडली, की गावखडीची पुळण आणि सुरूचे बन लागते. तेथून पुन्हा चढ घेत रस्ता कशेळी आणि आडिवरे या गावांना जातो. कशेळीचे कनकादित्य मंदिर आणि आडिवऱ्याचे महाकाली मंदिर ही या टप्प्यातील परिचित ठिकाणे आहेत. कशेळीच्या सड्यावर जांभ्यात कोरलेले हत्तीचे कातळशिल्प आहे. सुमारे १८ मीटर लांब आणि १३ मीटर रुंद असलेल्या या आकृतीच्या आत इतर अनेक प्राणी कोरलेले आहेत. कोकणातील काही निवडक कातळशिल्पस्थळांचा समावेश २०२२ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत झाला, त्यांत कशेळी आहे. आडिवऱ्याहून नाटे आणि जैतापूर खाडीवरील पूल असा रस्ता पुढे जातो. वाघोटण खाडी ओलांडली, की सिंधुदुर्ग जिल्ह्यात विजयदुर्ग येतो.

नकाशावर हा मार्ग समुद्राला समांतर व निरुपद्रवी दिसतो. प्रत्यक्षात प्रत्येक खाडीशी तो समुद्रसपाटीला येतो आणि लगेच शंभर मीटरांच्या आसपासच्या सड्यावर चढतो. चढ लांब नसतात, पण तीव्र असतात आणि संपत नाहीत. आंबा घाट एकदा चढला की चढलेला असतो, किनाऱ्यावर मात्र मिळवलेली उंची दर दहाबारा किलोमीटरांनी परत द्यावी लागते. पूर्ण दिवसाच्या प्रवासात अशा लहान चढांची बेरीज एका मोठ्या घाटाइतकी वा त्याहून अधिक होते. त्यात दमट हवा असते आणि सड्यावर सावली जवळजवळ नसते. घाटाची तयारी करून आलेल्या सायकलस्वाराला किनारा अधिक दमवतो, तो यामुळेच.

उत्तरेकडे रत्नागिरी शहर ओलांडून आरे-वारे मार्गे गणपतीपुळे आणि जयगड असा रस्ता आहे. आरे-वारे येथील डोंगरउतारावरून दोन्ही पुळणी एकत्र दिसतात. जयगड ते तवसाळ आणि पुढे धोपावे ते दाभोळ या खाड्या फेरीबोटीने ओलांडता येतात. तिकीट काढून सायकल बोटीत नेता येते. दापोलीच्या पुढे वेसवी–बागमांडला आणि दिघी–आगरदांडा अशा आणखी दोन फेऱ्या आहेत. या किनाऱ्यावरील मोठ्या खाड्यांवर पूल बांधण्याचा प्रकल्प महाराष्ट्र राज्य रस्ते विकास महामंडळाने हाती घेतला आहे. पूल झाल्यावर अंतर व वेळ वाचेल. त्याबरोबरच, या रस्त्याला आज सायकलयोग्य ठेवणारी विरळ वाहतूक तशीच राहण्याची शक्यता कमी आहे.

घाटमार्ग

आंबा घाट हा रत्नागिरीस सर्वांत जवळचा घाट. भाट्याहून शहरात येऊन कुवारबाव, हातखंबा, पाली, नाणीज, दाभोळे, साखरपा असा मार्ग आहे. हातखंबा ते पाली हा तुकडा मुंबई–गोवा महामार्गाचा आहे. पालीला कोल्हापूरचा रस्ता (राष्ट्रीय महामार्ग १६६, पूर्वीचा २०४) वेगळा होतो. साखरप्यानंतर मुर्शीपासून घाटाची चाहूल लागते. घाटाचा चढ सुमारे दहा किलोमीटरांचा असून सरासरी पाच टक्क्यांच्या आसपास भरतो. सराव असलेला सायकलस्वार तो एका लयीत चढू शकतो. वाटेतील गायमुख हे थांबण्याचे परिचित ठिकाण आहे. माथ्यावरील आंबा हे गाव कोल्हापूर जिल्ह्याच्या शाहूवाडी तालुक्यात येते. तेथून विशाळगडाकडे रस्ता फुटतो. १६६० मधील लढाईमुळे प्रसिद्ध असलेली पावनखिंड याच परिसरात आहे. मुख्य रस्ता मलकापूर, बांबवडे मार्गे कोल्हापूरला उतरतो. रत्नागिरी ते कोल्हापूर अंतर सुमारे १३० किलोमीटर आहे.

कुंभार्ली घाट चिपळूण आणि कराड यांना जोडतो (राष्ट्रीय महामार्ग १६६ई). पायथ्याशी पोफळी येथे कोयना प्रकल्पाचे वीजगृह आहे, तर माथ्यापलीकडे हेळवाक आणि कोयनानगर. कोयना ही कृष्णेची उपनदी असल्याने तिचे पाणी स्वभावतः पूर्वेला जायचे. धरणामागे अडवलेल्या पाण्याचा मोठा भाग मात्र बोगद्यांतून पश्चिमेस सोडला जातो. वीजनिर्मितीनंतर तो वाशिष्ठीत जातो. घाट चढताना हे पाणी दिसत नाही, पण सायकलस्वार ज्या उंचीशी झगडतो तिच्यावरच ही वीज उभी आहे. चिपळूणपर्यंतचा महामार्ग रुंद व वेगवान वाहनांचा असल्याने रत्नागिरीकडील सायकलस्वार बऱ्याचदा जयगड–तवसाळ फेरीने गुहागरमार्गे चिपळूण गाठतात.

दक्षिणेकडे राजापूर तालुक्यातील ओणी–पाचल मार्गे अणुस्कुरा घाट आहे. राजापूर बंदराचा माल याच वाटेने देशावर जात असे. वाहतूक कमी आणि वळणे अवघड असा हा घाट आहे. त्याच्याही दक्षिणेस गगनबावड्याला कोकणातून दोन रस्ते चढतात. खारेपाटण–उंबर्डे बाजूने भुईबावडा घाट आणि वैभववाडीहून करूळ घाट. एकाने चढून दुसऱ्याने उतरण्याचा फेरा या भागात प्रचलित आहे. फोंडा घाट भाट्यापासून दूर, सिंधुदुर्ग जिल्ह्यात असला तरी वनक्षेत्राच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे, कारण तो दाजीपूरमार्गे राधानगरी अभयारण्याच्या जंगलातूनच जातो.

संरक्षित क्षेत्रे आणि रस्ते

कोयना अभयारण्य आणि चांदोली राष्ट्रीय उद्यान मिळून २०१० मध्ये सह्याद्री व्याघ्र प्रकल्प स्थापन झाला. त्याचे एकूण क्षेत्र सुमारे १,१६५ चौरस किलोमीटर असून ते सातारा, सांगली, कोल्हापूर आणि रत्नागिरी या चार जिल्ह्यांत पसरले आहे. कोयना, चांदोली, राधानगरी आणि कास ही क्षेत्रे २०१२ पासून पश्चिम घाट या जागतिक वारसास्थळाचा भाग आहेत. चांदोलीच्या गाभा क्षेत्रातून आरपार जाणारा सार्वजनिक रस्ता नाही. तेथील प्रवेश वारणावतीच्या बाजूने, वनविभागाच्या परवानगीने होतो. रत्नागिरीच्या बाजूने शृंगारपूरहून प्रचितगडाला केवळ पायवाट चढते. त्यामुळे सायकलवरून या उद्यानाला आतून पार करता येत नाही, फक्त वळसा घालता येतो. आंबा घाटाने चढून मलकापूर, कोकरूड, कराड, पाटण, कोयनानगर आणि कुंभार्ली घाटाने चिपळूणला उतरले, की प्रकल्पाभोवतीचे वर्तुळ पूर्ण होते. भाट्यापासून भाट्यापर्यंत हा फेरा सुमारे सव्वातीनशे ते साडेतीनशे किलोमीटरांचा भरतो. सामान्यतः त्याला तीन दिवस घेतले जातात.

वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या कलम २७ नुसार अभयारण्यात परवान्याशिवाय प्रवेश करता येत नाही, परंतु अभयारण्यातून जाणाऱ्या सार्वजनिक महामार्गावरून प्रवास करणाऱ्या व्यक्तीला त्यातून सूट आहे. दाजीपूरच्या रस्त्यावरून सायकलने जाता येते ते या तरतुदीमुळे. ही सूट रस्त्यापुरतीच आहे. आतल्या जंगलवाटांवर सायकल घालणे हा तिचा अर्थ नव्हे.

कायद्याच्या सीमेपेक्षा प्राण्यांची सीमा वेगळी आहे. चांदोली आणि राधानगरी यांच्यामधला जंगलपट्टा हा वन्यप्राण्यांचा दक्षिणोत्तर संचारमार्ग आहे. राधानगरीत २०२२ मध्ये छायाचित्रित झालेला एक नर वाघ डिसेंबर २०२३ मध्ये चांदोलीत आढळला, म्हणजे त्याने हा पट्टा पायी पार केला होता. आंबा, अणुस्कुरा आणि गगनबावडा या घाटांचे रस्ते नेमका हाच पट्टा पूर्व-पश्चिम कापतात. गवे, बिबटे, अस्वले, भेकरे आणि शेकरू येथे आढळतात. सायकलस्वाराला प्रत्यक्ष भेटण्याची शक्यता सर्वाधिक ती गव्यांची, विशेषतः पहाटे आणि सायंकाळी. सायकल आवाज करत नाही, त्यामुळे वळणावर गवा आणि सायकलस्वार दोघेही एकमेकांना उशिरा पाहतात. अशा वेळी थांबणे, अंतर राखणे आणि प्राण्याला रस्ता मोकळा ठेवणे एवढेच हिताचे असते. जवळ जाऊन छायाचित्र काढणे जिवावर बेतू शकते. घाटात टाकलेले खाद्यपदार्थ माकडांना रस्त्यावर आणतात आणि ती वाहनांखाली सापडतात.

ऋतुमान आणि धोके

रत्नागिरीत वर्षाला तीन हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो आणि गगनबावड्याला त्याहून बराच जास्त. जून ते सप्टेंबर या काळात घाट सर्वांत सुंदर आणि सर्वांत बेभरवशाचे असतात. जुलै २०२१ च्या अतिवृष्टीत चिपळूण शहर बुडाले. त्याच दिवसांत आंबा घाटात दरडी कोसळून व रस्ता खचून वाहतूक बंद पडली. दाट धुके, शेवाळलेला कडेचा डांबरी पट्टा आणि ओल्या रिमवर न धरणारे ब्रेक ही पावसाळ्यातील नेहमीची संकटे आहेत. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ सायकलसाठी अनुकूल मानला जातो. मार्च ते मे या महिन्यांत सड्यांवरचा कातळ तापतो आणि सकाळी दहानंतर चालवणे कठीण होते.

जयगड बंदराकडील अवजड वाहतूक निवळी, हातखंबा, पाली मार्गे याच आंबा घाटाने देशावर जाते. उतारावर मालमोटारींच्या मागे अडकलेल्या सायकलस्वाराला सतत ब्रेक दाबावा लागतो. रिम ब्रेक असलेल्या सायकलीची रिम त्याने तापून ट्यूब फुटू शकते. म्हणून ब्रेक दाबून न धरता सोडत-धरत उतरणे, किंवा मालमोटारी पुढे जाऊ देऊन मग निघणे हा अनुभवी सायकलस्वारांचा प्रघात आहे. घाटात सायकल दुरुस्तीचे दुकान मिळत नाही. पंक्चरचे साहित्य, पंप आणि जादा ट्यूब सोबत असावी लागते. आंबा ते मलकापूर या टप्प्यात भ्रमणध्वनीची रेंजही सलग नसते.

लांब पल्ल्याचे सायकलिंग

भारतात ब्रेव्हे प्रकारच्या लांब पल्ल्याच्या फेऱ्या ऑडॅक्स इंडिया रँडोनर्स या संस्थेच्या नियमांनुसार होतात. त्यांत शर्यत नसते, पण कालमर्यादा असते. २०० किलोमीटरांसाठी साडेतेरा तास, ३०० साठी २०, ४०० साठी २७ आणि ६०० साठी ४० तास. रात्री दिवे आणि परावर्तक पट्ट्यांचे जाकीट सक्तीचे असते. कोकण आणि देश यांना जोडणारे घाट अशा फेऱ्यांसाठी कसोटीचे ठरतात. सपाट महामार्गावर कमावलेला वेळ एका घाटात खर्ची पडतो. व्याघ्र प्रकल्पाभोवतीचा वरील फेरा अंतराने ३०० किलोमीटरांच्या ब्रेव्हेहून थोडाच मोठा आहे. मात्र वीस-बावीस तासांत तो पूर्ण करायचा तर दोनपैकी एक घाट अंधारात पार करावा लागतो, आणि प्राण्यांच्या संचाराचीही तीच वेळ असते.

बाहेरून येणाऱ्यांना कोकण रेल्वेने रत्नागिरी गाठता येते. सायकल सामान म्हणून नोंदवून ब्रेकव्हॅनमधून आणता येते. स्थानक शहराच्या पूर्वेस कुवारबावजवळ, थेट कोल्हापूर रस्त्यालगत आहे. किनाऱ्याने जाणाऱ्यांना तेथून शहर ओलांडून भाट्याच्या पुलापर्यंत यावे लागते.