पंख्याची चौकशी

सुटे भाग आणून घरी जोडलेला संगणक पहिल्यांदा सुरू केला, की पुष्कळदा काळ्या पडद्यावर पांढऱ्या अक्षरांत 'सीपीयू फॅन एरर' उमटते आणि पुढे जायचे असेल तर एफ-वन दाबा, असे मशीन सांगते. प्रोसेसर तापणे हा एक बिघाड आणि मशीन सुरूच न होणे हा दुसरा, असे आपण धरून चालतो. या सूचनेत मात्र दोन्ही एकत्र आले आहेत, आणि ही गाठ संगणकाच्या जन्मापासूनची नाही. प्रोसेसर अधिकाधिक तापू लागले म्हणून ती पडली, असे सर्रास सांगितले जाते. माझ्या मते ते अर्धेच कारण आहे. संगणक एका कारखान्याच्या हातून सुटला, त्याचे भाग वेगवेगळ्या कंपन्यांचे झाले आणि ते जोडणारा माणूस तिसराच निघाला, तेव्हा थंडाव्याची जबाबदारी निश्चितपणे कुणाचीच उरली नाही. ती जागा सुरुवातीच्या तपासणीने भरून काढली.

आयबीएमचा पीसी ऑगस्ट 1981 मध्ये बाजारात आला. त्यातला इंटेलचा 8088 प्रोसेसर 4.77 मेगाहर्ट्‌झवर चाले आणि त्यावर पंखा सोडाच, धातूचा साधा हीटसिंकही नसे. अख्ख्या डब्याची हवा काय ती वीजपुरवठ्याच्या पेटीतला पंखा हलवी. मात्र सुरू होताना स्वतःला तपासून घ्यायची शिस्त या मशीनला पहिल्यापासून होती. सगळे ठीक असेल तर एक छोटा बीप, नाहीतर पडद्यावर आकडा: मेमरीत दोष असेल तर 201, कीबोर्डसाठी 301, फ्लॉपीसाठी 601. 1984 च्या एटी मॉडेलमध्ये बॅटरीवर जपलेल्या सेटिंगची भर पडली आणि बॅटरी संपल्याचा 161 हा आकडा त्यासोबत आला. ही यादी कितीही चाळली तरी प्रोसेसरच्या पंख्याबद्दल तिच्यात काही सापडत नाही. नसलेल्या पंख्याची चौकशी कोण करणार?

यावर आक्षेप सरळ आहे: त्या काळी उष्णताच कमी होती, म्हणून तपासणी नव्हती. हा आक्षेप मोडायला ॲपल थ्री पुरेसा आहे. 1980 च्या या यंत्रात स्टीव्ह जॉब्ज यांच्या आग्रहाने पंखा ठेवला नव्हता. उष्णता ॲल्युमिनियमच्या बैठकीतून बाहेर जावी अशी योजना होती. प्रत्यक्षात मशीन तापे, चिप आपापल्या सॉकेटमधून सैल होत आणि काम बंद पडे. यंत्र काही इंच उचलून टेबलावर सोडा, म्हणजे चिप पुन्हा बसतील, असा उपाय तेव्हा सांगितला जाई. म्हणजे उष्णतेने मशीन सुरू न होण्याचा प्रकार तेव्हाही होताच. पण डबा, बोर्ड आणि आराखडा एकाच कंपनीचा असल्यामुळे दोषही तिचा ठरला आणि कंपनीला सुरुवातीची यंत्रे बदलून द्यावी लागली. ग्राहकाच्या पडद्यावर प्रश्न टाकायची गरज कुणाला भासली नाही, कारण उत्तर देणारा कोण हे ठाऊक होते.

हे समीकरण बदलले ते क्लोनमुळे, म्हणजे आयबीएमच्या पीसीशी सुसंगत अशा इतर कंपन्यांच्या यंत्रांमुळे. आयबीएमच्या बायोसशी, म्हणजे मशीन सुरू करताना तपासणी करणाऱ्या मूळ प्रोग्रॅमशी, सुसंगत, पण स्वतंत्रपणे लिहिलेला बायोस फिनिक्स कंपनी 1984 पासून इतरांना विकू लागली. मागोमाग एएमआय आणि अवॉर्ड आले, आणि कुणाचाही बोर्ड कुणाच्याही डब्यात बसू लागला. मुंबईत लॅमिंग्टन रोडवर, म्हणजे आजच्या डॉ. दादासाहेब भडकमकर मार्गावर, रेडिओच्या सुट्या भागांची बाजारपेठ होतीच. 1991 नंतर आयात सोपी होत गेली तसा तिथे असेंबल्ड संगणकाचा धंदा जोमाने वाढला. या धंद्यात निदान कानावर चाले. एक लांब आणि दोन छोटे बीप आले, की अवॉर्डच्या बायोसमध्ये डिस्प्ले कार्ड पाहायचे. एएमआयची खूण वेगळी. नुसते 'डिस्प्ले येत नाही' एवढेच असेल, तर रॅम काढायची, तिचे सोनेरी संपर्क खोडरबराने हलके घासायचे, पुन्हा टक् आवाज येईपर्यंत दाबून बसवायची. या कारागिरीचे प्रशिक्षण कुठल्याही कंपनीने दिले नव्हते. ती दुकानातल्या हातांनी घडवली, आणि तिची नोंद कुठे नीट झाली नाही याची मला खंत वाटते. हवेच्या बाबतीत तर खुद्द मोठ्या कंपन्यांचीही चाचपडच चालू होती. इंटेलने 1995 मध्ये बोर्ड आणि डब्याची एटीएक्स रचना आणली तेव्हा वीजपुरवठ्याच्या पंख्याने बाहेरची हवा आत, प्रोसेसरकडे फेकावी अशी कल्पना होती. पेटीतून येणारी हवा आधीच तापलेली असते, हे लक्षात आल्यावर दिशा उलटली आणि पंखा हवा बाहेर फेकू लागला.

दरम्यान 486 च्या वरच्या गतीच्या चिपपासून प्रोसेसरवर हीटसिंक आणि पंखा रूढ झाला, आणि नव्वदच्या दशकाच्या उत्तरार्धात तापमान आणि पंख्याची गती मोजणाऱ्या चिप बोर्डांवर दिसू लागल्या. मोजता येणे आणि वाचवता येणे यांत किती अंतर होते, ते 2001 मध्ये टॉम्स हार्डवेअर या संकेतस्थळाने केलेल्या चाचणीत जगाने पाहिले. चालू मशीनवरून हीटसिंक उचलल्यावर पेंटियम 4 ने गती कमी करून स्वतःला सावरले; एएमडीचे ॲथलॉन पाहता पाहता जळाले. हीटसिंक असा आपोआप कशाला निघेल? कारखान्यात कसलेल्या स्क्रूचा तो सहसा निघत नाही. पण 2004 पासून आलेल्या एलजीए 775 सॉकेटवर इंटेलचा पंखा चार प्लास्टिकच्या खुंट्यांवर बसे. प्रत्येक खुंटीच्या माथ्यावरचा बाण योग्य बाजूला वळवायचा, मग कर्णाकर्णाने दोन-दोन दाबायच्या. चारांतली एक अर्धवट बसली तरी वरून सगळे ठीकच दिसे आणि एका कोपऱ्यात फट राही. ही चूक बोर्ड बनवणाऱ्याची नव्हे, चिप बनवणाऱ्याचीही नव्हे. ज्याचा हात बोर्डाला माहीत नाही, अशा माणसाला तो सुरू होण्याआधी थांबवून विचारतो, ते याचसाठी.

दुसरा आक्षेप आजचा आहे: आता प्रत्येक प्रोसेसर तापला की गती उतरवतो आणि अगदीच हाताबाहेर गेले तर बंद पडतो, मग पंख्याची तपासणी जुनाट नाही का? चिप वाचते हे खरे. पण ती वाचते तेव्हा काही बोलत नाही. मशीन मंदावते, मालक विंडोजला दोष देतो, आणि कूलरच्या तळाचे पातळ प्लास्टिक काढायचे राहिले आहे हे महिनोन्‌महिने कळत नाही. तपासणी हवीच, तिच्यातली खरी उणीव वेगळी आहे. बोर्ड फक्त फेरे मोजतो. पंख्याची तिसरी तार दर फेऱ्याला दोन स्पंदने पाठवते आणि ती ठरलेल्या मर्यादेखाली गेली की एरर येते. आवाज नको म्हणून बसवलेला संथ, मोठा पंखा उत्तम थंडावा देत असूनही एरर येते. पाण्याच्या कूलरची तार दुसऱ्या जोडणीत खोचली तरी येते. उलट हीटसिंक तिरका बसला असून पंखा भरभर फिरत असेल, तर हीच तपासणी निमूट पास होते. सुरुवातीच्या त्या काही सेकंदांत बोर्डाने फेऱ्यांसोबत तापमान किती वेगाने चढते तेही पाहावे आणि पडद्यावर स्पष्ट लिहावे. मोजणारी चिप तिथे आहेच.

आजच्या अनेक बोर्डांवर बीपच्या जागी चार छोटे दिवे आहेत: सीपीयू, डीरॅम, व्हीजीए, बूट. डीडीआर 5 मेमरी पहिल्यांदा बसवल्यावर बोर्ड तिच्याशी जुळवून घ्यायला काही मिनिटे घेऊ शकतो. तेवढा वेळ पडदा काळा राहतो, डीरॅमचा दिवा पेटलेला दिसतो आणि नवखा माणूस घाबरून वीज बंद करतो. ही वाट पाहायला सांगणारा दुकानदार ऑनलाइन खरेदीत समोर नसतो. आणि त्या चार दिव्यांत थंडाव्याचा दिवा अजूनही नाही.