स्पंज शहर

स्पंज शहर ही पावसाचे पाणी शहराबाहेर वेगाने वाहून नेण्याऐवजी ते शक्य तितके पडल्या जागीच मुरवणे, थोपवणे, साठवणे आणि पुन्हा वापरणे या तत्त्वावर आधारलेली नगररचनेची संकल्पना आहे. एकविसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात चीनने तिला राष्ट्रीय धोरणाचे स्वरूप दिले. शहरातील पूर, भूजलाची घट आणि नद्यांचे प्रदूषण या तीन प्रश्नांना एकत्रित उत्तर शोधणे हा तिचा हेतू आहे. या संकल्पनेच्या मर्यादांविषयी नगररचनाकार, जलतज्ज्ञ आणि भूदृश्यरचनाकार यांच्यात मतभेद आहेत.

पार्श्वभूमी

नैसर्गिक जमिनीवर पडलेल्या पावसापैकी बराच भाग मातीत मुरतो आणि काही भाग बाष्परूपाने परत जातो. डांबर, काँक्रीट आणि छपरे यांनी जमीन झाकली गेली की हे चक्र खंडित होते. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने दिलेल्या ढोबळ प्रमाणानुसार नैसर्गिक आच्छादन असलेल्या जमिनीवरून पावसाचे सुमारे १० टक्के पाणी वाहून जाते. पाऊणहून अधिक जमीन झाकली गेलेल्या शहरी भागात हेच प्रमाण सुमारे ५५ टक्के होते. परिणामी एकाच शहरात पावसाळ्यात पूर आणि उन्हाळ्यात पाणीटंचाई अशी विसंगती निर्माण होते.

चीनमध्ये १९८० नंतर शहरांची वाढ अतिशय वेगाने झाली. तळी बुजवली गेली, नद्यांचे काठ काँक्रीटने बांधले गेले आणि पूरमैदानांवर वस्त्या उभ्या राहिल्या. २१ जुलै २०१२ रोजी बीजिंगमध्ये झालेल्या अतिवृष्टीत ७९ जणांचा मृत्यू झाला. राजधानीतील या दुर्घटनेमुळे पर्जन्यजलाच्या व्यवस्थापनाचा प्रश्न राष्ट्रीय चर्चेत आला.

इतिहास

पेकिंग विद्यापीठातील प्राध्यापक आणि भूदृश्यरचनाकार यू कोंगज्यान (१९६३–२०२५) हे या संकल्पनेचे प्रमुख पुरस्कर्ते मानले जातात. झेजियांग प्रांतातील एका खेड्यात शेतकरी कुटुंबात वाढलेल्या यू यांनी हार्वर्ड विद्यापीठातून १९९५ मध्ये डॉक्टरेट मिळवली. मायदेशी परतल्यावर १९९८ मध्ये त्यांनी 'टुरेनस्केप' ही संस्था स्थापन केली. पाण्याशी झुंजण्यापेक्षा त्याला जागा द्यावी, हा विचार त्यांनी गावोगावच्या तळ्यांच्या आणि बांधबंदिस्तीच्या पारंपरिक पद्धतींवरून मांडला. स्पंज शहरांवरील माहितीपटाच्या चित्रीकरणासाठी ब्राझीलमध्ये असताना सप्टेंबर २०२५ मध्ये विमान अपघातात त्यांचा मृत्यू झाला.

डिसेंबर २०१३ मध्ये चीनचे राष्ट्राध्यक्ष शी जिनपिंग यांनी या संकल्पनेला जाहीर पाठिंबा दिला. २०१४ मध्ये गृहनिर्माण मंत्रालयाने तांत्रिक मार्गदर्शिका प्रसिद्ध केली. २०१५ मध्ये वूहान, चोंगछिंग, श्यामेन यांसह १६ ठिकाणे प्रायोगिक तत्त्वावर निवडण्यात आली. २०१६ मध्ये बीजिंग, शांघाय, शेंचेन यांसह आणखी १४ शहरांची भर पडली. पावसाचे ७० टक्के पाणी स्थानिक पातळीवरच मुरवावे किंवा वापरावे आणि शहरांच्या बांधीव क्षेत्रापैकी २० टक्के क्षेत्राने २०२० पर्यंत, तर ८० टक्के क्षेत्राने २०३० पर्यंत हे उद्दिष्ट गाठावे, असे शासनाने ठरवले.

कार्यपद्धती

चिनी मार्गदर्शिकांमध्ये सहा क्रिया सांगितल्या जातात : मुरवणे, थोपवणे, साठवणे, शुद्ध करणे, वापरणे आणि निचरा करणे. निचरा हा क्रमाने शेवटचा आहे. जुन्या पद्धतीत तोच पहिला आणि बहुधा एकमेव असे. या क्रियांसाठी पुढील साधने वापरली जातात :

- पाणी झिरपू देणारी फरसबंदी : पदपथ आणि वाहनतळांवर वापरली जाते.
- पर्जन्य बागा : रस्त्याच्या पातळीपेक्षा खोलगट ठेवलेले वाफे. त्यांत पाणी काही तास थांबून गाळले जाते.
- हिरवी छपरे : माती व वनस्पतींचा थर पावसाचा पहिला भाग शोषून घेतो.
- पाणथळ उद्याने : पावसाळ्यात जलाशय आणि एरवी सार्वजनिक उद्यान म्हणून उपयोगी पडतात.

हार्बिन शहरातील सुमारे ३४ हेक्टरांचे छुनली पाणथळ उद्यान हे या पद्धतीचे परिचित उदाहरण आहे. चहूबाजूंनी रस्ते आणि इमारती झाल्यामुळे तेथील मूळ पाणथळ कोरडी पडू लागली होती. तिच्या कडेने तळी आणि मातीचे उंचवटे यांचे कडे तयार करण्यात आले. भोवतालच्या वस्तीतील पावसाचे पाणी या कड्यातून गाळून आत सोडले जाते. मधला भाग निसर्गावर सोपवण्यात आला आहे.

मर्यादा व टीका

२० जुलै २०२१ रोजी हेनान प्रांतातील झेंगझोऊ शहरात एका तासात २०१.९ मिलिमीटर पाऊस पडला. शहराचा वार्षिक सरासरी पाऊस सुमारे ६४० मिलिमीटर आहे. म्हणजे त्याचा जवळजवळ एक तृतीयांश भाग त्या एका तासात कोसळला. या आपत्तीत शहरात ३८० जण मृत किंवा बेपत्ता झाले. त्यांपैकी १४ जण भुयारी रेल्वेत अडकून मरण पावले. झेंगझोऊमध्येही स्पंज शहराची कामे झालेली असल्यामुळे ही संकल्पनाच निष्फळ असल्याची टीका झाली.

या टीकेला उत्तर देताना तज्ज्ञ ७० टक्क्यांच्या उद्दिष्टाचा नेमका अर्थ लक्षात आणून देतात. हे प्रमाण वर्षभराच्या पावसाचे आहे, एका अतिवृष्टीचे नव्हे. वर्षातील बहुतेक पाऊस लहान व मध्यम सरींचा असतो आणि उपाययोजनांची क्षमता त्या सरींनुसार ठरवली जाते. माती एकदा संपृक्त झाली की पुढचे पाणी वाहूनच जाते. म्हणून पर्जन्यजलवाहिन्या, पंप आणि बोगदे अनावश्यक ठरत नाहीत. केंद्र शासनाच्या चौकशी अहवालाने तर इशारे मिळूनही शहर वेळेत बंद न करणाऱ्या अधिकाऱ्यांवर जबाबदारी ठेवली. फरसबंदी कोणतीही असली तरी पूर्वसूचनेवरील तत्पर कृतीला पर्याय नाही, हे त्यातून स्पष्ट झाले.

खर्च हा दुसरा आक्षेप आहे. प्रायोगिक शहरांना तीन वर्षे केंद्रीय अनुदान मिळाले, परंतु उरलेला भार स्थानिक संस्थांवर पडला. झिरपणाऱ्या फरसबंदीची छिद्रे गाळाने बुजतात, त्यामुळे नियमित देखभाल आवश्यक असते. दाट जुन्या वस्त्यांत मोकळी जागा मिळणे कठीण असते.

मुंबईच्या संदर्भात

२६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे २४ तासांत ९४४ मिलिमीटर पावसाची नोंद झाली. शहराच्या जुन्या पर्जन्यजलवाहिन्या ताशी २५ मिलिमीटर पावसासाठी बांधलेल्या होत्या. 'ब्रिमस्टोवॅड' प्रकल्पात ही क्षमता ताशी ५० मिलिमीटर करण्याचे ठरले. भरतीच्या वेळी समुद्राकडे होणारा निचरा थांबत असल्याने पाणी तात्पुरते धरून ठेवणाऱ्या पाणथळींना आणि खारफुटीला येथे विशेष महत्त्व आहे. मार्च २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मुंबई वातावरण कृती आराखड्यात शहरी पूर व जलव्यवस्थापन आणि शहरी हरितीकरण या विषयांचा समावेश आहे.