कमानींखालचा मैल

मुंबईच्या कोटाची भिंत पाडली नसती, तर हा रस्ता एक साधी गल्लीच राहिला असता. क्रॉफर्ड मार्केटकडून निघून बोरीबंदरच्या स्टेशनावरून हुतात्मा चौकाला येणारा दादाभाई नवरोजी रस्ता, म्हणजे फोर्टातल्यांचा डी. एन. रोड, आज ऐसपैस दिसतो. अठराव्या शतकात तिथे ईस्ट इंडिया कंपनीच्या किल्ल्याची भिंत होती, भिंतीबाहेर खंदक होता आणि त्यापलीकडे मोकळे मैदान. किल्ल्याला अपोलो गेट, चर्चगेट आणि बझारगेट असे तीन दरवाजे होते. १७७१ ते १७८४ या काळात मुंबईचा गव्हर्नर असलेल्या विल्यम हॉर्नबीच्या नावाची एक लहानशी वाट होती, हॉर्नबी रोड. आजच्या रस्त्याचे मूळ तेच.

१८१८ साली पेशवाई संपली आणि मुंबईवर जमिनीवरून चालून येईल असा शत्रू उरला नाही. भिंत राहिली ती माणसांची कोंडी करायला. कोटाच्या आत पेढ्या, वखारी, घरे एकमेकांना खेटून उभी होती. १८०३ च्या आगीने ती दाटी किती जिवावर बेतणारी आहे हे दाखवून दिले होते, तरी भिंत हलायला आणखी साठ वर्षे गेली. १८६२ साली सर बार्टल फ्रीअर गव्हर्नर होऊन आले. अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव आला होता, शहरात पैसा खेळत होता. फ्रीअरने तटबंदी उतरवण्याचे काम हाती घेतले. गोविंद नारायण माडगांवकरांचे ‘मुंबईचे वर्णन’ निघाले ते १८६३ साली, म्हणजे जुनी मुंबई नजरेसमोर बदलत असतानाच. १८६४ साली चर्चगेटच्या जागी फ्लोरा फाउंटन उभे राहिले. हॉर्नबीची वाट रुंद झाली.

रुंद रस्ता म्हणजे बाजारपेठ नव्हे. १८६५ ला अमेरिकेतले युद्ध संपले, कापसाचे भाव कोसळले, मुंबईतल्या कित्येक पेढ्या बुडाल्या. बांधकामाला खरा जोर आला तो १८८५ नंतर, आणि तो १९१९ पर्यंत टिकला. भरभक्कम इमारती विशेषतः पश्चिमेच्या बाजूला उठल्या. पूर्वेला जुन्या कोटातल्या गल्ल्या जशाच्या तशा राहिल्या. एका फुटपाथवरून दुसऱ्यावर गेले की अजूनही दोन वेगळ्या शहरांचा वास येतो.

या रस्त्याला चेहरा दिला तो १८९६ सालच्या सरकारी नियमाने. या रस्त्यावर बांधायचे असेल, तर तळमजल्यावर कमानींची, पादचाऱ्यांना आरपार जाता येईल अशी वाट सोडायची. मालकाने वर काय हवे ते करावे. वर मग झालेही तसेच. कोणी गॉथिक टोकदार कमानी काढल्या, कोणी रोमन धाटणीचे खांब उभे केले, कोणी घुमट आणि छज्जे घेतले. शेजारच्या इमारतीशी जुळवून घेण्याचे बंधन कोणावर नव्हते, आणि तरी सगळा रस्ता एका कुटुंबातला दिसतो, कारण खाली चालणाऱ्याच्या डोक्यावरची सावली सलग आहे. वरचे मजले या वाटेवर पुढे आलेले, त्यामुळे खालची जागा वापरायला सर्वांची झाली तरी माथ्यावरच्या खोल्या मालकाच्याच राहिल्या.

कल्पना अगदी कोरी नव्हती. जवळच्या एल्फिन्स्टन सर्कलला, आजच्या हॉर्निमन सर्कलला, १८६० च्या दशकातच कमानींची सलग वाट आखली गेली होती. पण ते एका आराखड्यातले, एका वर्तुळातले काम. हॉर्नबी रोडवर वेगवेगळे मालक, वेगवेगळे वास्तुविशारद, वेगवेगळी दशके. त्या सगळ्यांना एका ओळीत धरणे जास्त अवघड होते. चार महिने पाऊस आणि उरलेले आठ महिने ऊन, अशा शहरात याहून शहाणा बांधकाम नियम माझ्या माहितीत नाही. कोकणातल्या घराची पडवी वाटसरूला जे देते, तेच इथे एका रस्त्याने हजारोंना दिले.

सावलीत चालणारा माणूस दुकानाच्या काचेपाशी थांबतो. व्हाइटवे लेडलॉसारख्या बड्या विलायती दुकानांना हे मानवले; कपडा, टोप्या, घरसामान सारे एका छताखाली. पुढे त्याच इमारतीत खादी भांडार आले. रस्त्याला नाव मिळाले दादाभाई नवरोजींचे. हिंदुस्थानची संपत्ती इंग्लंडकडे कशी वाहून जाते याचा हिशेब ज्यांनी आयुष्यभर मांडला, त्यांचे नाव विलायती मालाच्या या रस्त्याला मिळावे, यात मला मोठा न्याय वाटतो. त्यांचा पुतळा फ्लोरा फाउंटनच्या टोकाशी बसलेला आहे. तिथून जवळच, नोव्हेंबर १९५५ मध्ये संयुक्त महाराष्ट्रासाठी जमलेल्या लोकांवर गोळ्या झाडल्या गेल्या. हुतात्मा चौक हे नाव त्यातून आले.

केवळ खरेदीचा रस्ता म्हटले तर अन्याय होईल. नियमाच्या आधीची, १८८१ ची वाच्छा अग्यारी प्राचीन इराणी धर्तीची शिल्पे घेऊन इथेच उभी आहे. जे. एन. पेटिट इन्स्टिट्यूटचे वाचनालय इथे आहे. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीचे सिद्धार्थ कॉलेज बुद्ध भवन आणि आनंद भवनात आले, आणि दिवसा नोकरी करून शिकणाऱ्या पोरांची पावले या कमानींखाली पडू लागली.

स्वातंत्र्यानंतर कमानी हळूहळू झाकल्या गेल्या. दुकानांच्या पाट्या एकमेकींवर कुरघोडी करत वाढल्या, काही ठिकाणी खांब आणि दगडी नक्षी दिसेनाशी झाली. १९९५ च्या वारसा नियमावलीने रस्त्याला संरक्षण दिले, पण पाटी उतरवायला कागद पुरत नाही. १९९० च्या दशकाच्या अखेरीस वास्तुविशारद आभा नारायण लांबा यांनी रस्त्याचा अभ्यास केला आणि पाटी कमानीच्या आत कशी बसावी, खांब मोकळा कसा राहावा, याची नियमपुस्तिका तयार झाली. दुकानदारांशी बोलणी झाली, पुष्कळांनी पाट्या बदलल्या. २००४ साली युनेस्कोच्या आशिया-पॅसिफिक वारसा पुरस्कारांत या कामाची दखल घेतली गेली.

फेरीवाल्यांचा वाद मात्र चालूच आहे. घड्याळे, पट्टे, मोबाइलची कव्हरे मांडणाऱ्यांना एकजात हाकलावे, या मताचा मी नाही. संध्याकाळी बोरीबंदरची लोकल गाठायला धावणारा माणूस त्यांच्याकडेच खरेदी करतो, कारण काचेआडचे दुकान त्याला परवडत नाही. पण दोन माणसे एकमेकांना धक्का न देता जातील एवढी वाट मोकळी राहिलीच पाहिजे. १८९६ साली मालकांकडून मागून घेतली होती ती तेवढ्यासाठीच.