वेगाचे माप : समुद्री तारेपासून घरातल्या वायफायपर्यंत

घरच्या इंटरनेटचा वेग मोजण्याची कथा संगणकाच्या कितीतरी आधी, समुद्राच्या तळाशी सुरू होते. ऑगस्ट १८५८मध्ये अटलांटिक महासागराखालून टाकलेल्या पहिल्या तारेवरून व्हिक्टोरिया राणीने अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष ब्युकॅनन यांना संदेश पाठवला. शब्द शंभराच्याही आत, पण तो पोचायला सुमारे सोळा तास लागले, आणि काही आठवड्यांतच ती तार मुकी झाली. लांब तारेत संकेत पसरट होत जातो आणि लांबी दुप्पट झाली की विलंब चौपट होतो, हे विल्यम थॉमसन यांनी त्याआधीच गणिताने मांडले होते. १८६६ची तार मिनिटाला सुमारे आठ शब्द वाहू लागली. १८७०मध्ये एडनमार्गे मुंबईही समुद्री तारेने ब्रिटनशी जोडली गेली. मिनिटाला किती शब्द, हे त्या काळचे माप आणि ते मोजणारा तारबाबू. ग्राहकाला कळत असे तो फक्त शब्दामागचा दर.

शब्द लहानमोठे असतात, त्यामुळे हे माप ढोबळच होते. फ्रान्सच्या एमिल बोदो यांनी १८७०च्या दशकात प्रत्येक अक्षराला पाच समान खुणा दिल्या. 'बॉड' हे एकक त्यांच्याच नावाचे. १९२४मध्ये हॅरी नायक्विस्ट यांनी तारेच्या वेगाला मर्यादा कशामुळे पडतात ते तपासले आणि १९४८मध्ये क्लॉड शॅनन यांनी माहितीच बिटमध्ये मोजली. आता पत्र, गाणे, चित्र या साऱ्यांना एकच माप लागू झाले. १९६२मधला बेल कंपनीचा मोडेम सेकंदाला ३०० बिट पाठवी. १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमाने भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट खुले केले, आणि दशक संपता संपता ५६ केबीपीएसचे, म्हणजे सेकंदाला ५६ हजार बिटांचे, मोडेम आले. आठ बिटांचा एक बाइट धरला तर त्या मोडेमवर ५ एमबीचे गाणे उतरायला, पूर्ण वेग मिळाला तरी, बारा मिनिटे लागत.

पूर्ण वेग मिळाला तर! या 'तर'चा अर्थ समजण्यासाठी आपण थोडे मागे, ऑक्टोबर १९८६मध्ये जाऊ. कॅलिफोर्नियातील लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळा आणि बर्कलीचे विद्यापीठ यांच्यात अंतर जेमतेम चारशे यार्डांचे. तरीही त्यांच्यातला वेग सेकंदाला ३२ हजार बिटांवरून ४० बिटांवर कोसळला. तार शाबूत होती. पोच न आलेली माहितीची पाकिटे प्रत्येक संगणक पुन्हापुन्हा पाठवत होता आणि त्या गर्दीतच वाट तुंबली होती. व्हॅन जेकबसन यांनी १९८८च्या निबंधात उपाय मांडला : सुरुवात सावकाश करावी, पोच येईल तसा वेग वाढवावा, पाकीट हरवले की हात आखडता घ्यावा. आजही असंख्य डाउनलोड याच शिस्तीने चालतात. तारेची क्षमता वेगळी आणि पलीकडे प्रत्यक्ष पोचलेला माल वेगळा, हा धडा त्या चारशे यार्डांनी दिला.

हा फरक दाखवणारे माप ग्राहकाच्या हाती यायला मात्र आणखी दोन दशके गेली. २००६मध्ये ऊक्ला कंपनीची 'स्पीडटेस्ट' आली आणि कोणीही एका क्लिकवर आपला वेग पाहू लागला. ब्रिटनच्या ऑफकॉम या नियामक संस्थेने स्वयंसेवकांच्या घरी सॅमनोज कंपनीची मोजणी-यंत्रे बसवली, तेव्हा २००९मध्ये सरासरी जाहिरात ७.१ एमबीपीएसची आणि प्रत्यक्ष वेग ४.१चा निघाला. ही सारी तफावत जाहिरातीतल्या 'अपटू' ('इतक्यापर्यंत') या एका शब्दाआड लपली होती. एप्रिल २०१२पासून तिथे जाहिरातीतला वेग किमान दहा टक्के ग्राहकांना मिळणे आवश्यक ठरले. मे २०१८पासून निम्म्या ग्राहकांना, आणि तोही रात्री आठ ते दहाच्या ऐन गर्दीत. आपल्याकडे २००४च्या धोरणात २५६ केबीपीएसला ब्रॉडबँड म्हटले गेले, २०१३मध्ये ही किमान पातळी ५१२ झाली आणि २०२३मध्ये २ एमबीपीएस. २०१६मध्ये ट्राय या दूरसंचार नियामक संस्थेने 'मायस्पीड' अ‍ॅप आणून मोजणी थेट लोकांच्या मोबाइलवर दिली.

या वाटेच्या आजच्या टोकावर एकाच घरात, एकाच वेळी दोन चाचण्या दोन वेगळे आकडे देतात, आणि दोन्ही खरे असू शकतात. स्पीडटेस्ट सहसा जवळच्या सर्व्हरकडे एकाच वेळी अनेक जोडण्या उघडते, म्हणून जोडणीची कमाल ताकद दिसते. २००९मध्ये सुरू झालेल्या एम-लॅब या मोजणी-प्रकल्पाची चाचणी एकाच जोडणीवर आणि कंपनीच्या जाळ्याबाहेरच्या सर्व्हरपर्यंत जाते, म्हणून वाटेतली अडचणही तिच्या आकड्यात उतरते. त्यात वायफाय भिंतींआड दुबळे होते, तो दोष कंपनीच्या माथी मारणे योग्य नाही. तेव्हा तुलना करायचीच तर राउटरला केबल जोडून, एकाच चाचणीने, सकाळी आणि रात्री नऊला, काही दिवस सलग नोंदी ठेवून करावी. कुठून कुठवर, किती वाजता आणि कशाने मोजले, हे सोबत नसेल तर वेगाचा आकडा पुरावा ठरत नाही. दीडशे वर्षे तारबाबूकडे, अभियंत्याकडे आणि विक्रेत्याकडे राहिलेले हे माप आता पैसे मोजणाऱ्याच्या हाती आले आहे. ते नीट वापरणे हा त्याचा हक्क आहे आणि जबाबदारीही.