प्रार्थना आणि निर्भयता

श्रोतेहो, पांढुर्णा-सौंसरचा आपला मुलूख १९५६ पर्यंत विदर्भासह एकाच प्रांतात होता; त्यामुळे तुकडोजी महाराजांचा इतिहास मी परका मानीत नाही. १९३५ साली मोझरीस गुरुकुंज आश्रम स्थापन झाला. सामुदायिक प्रार्थना व ग्रामसफाई ही त्यांची जोडी. गाभाऱ्यात एकट्याने मागितलेले अभय निराळे. शेजाऱ्यासह प्रार्थनेस बसून, मग त्याच्यासवे खराटा धरला की भय ओसरते, असे मला वाटते. ऑगस्ट १९४२ मध्ये चिमूर-आष्टीत उठाव झाला. रक्त दोन्ही बाजूंचे सांडले. सरकारने महाराजांना अटक करून नागपूर व रायपूरच्या तुरुंगांत ठेवले. खंजिरीवर भजने म्हणणाऱ्या साधूचा हा केवढा धसका! सुटकेनंतरही महाराजांनी प्रार्थना व ग्रामसेवा सोडली नाही.